फुलांचा हात

संध्याकाळी फुलांची शेवटची पाटी पडवीत उतरवली, की भिमाजीनाना हात पायजम्याला पुसायचे आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या नातवासमोर गुडघे टेकून बसायचे. दोन्ही तळवे त्याच्या कानशिलांवर ठेवायचे, गालांवरून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणायचे आणि मग तीच बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवून मोडायचे. कडकड आवाज व्हायचा. तेवढा वेळ सुयश डोळे मिटून चेहरा वर धरून उभा असायचा. आवाज संपला की वळून आत निघून जायचा.

मखमलाबाद शिवारात आमच्या आणि त्यांच्या मळ्यात एकच बांध. त्यामुळे हे सगळं आम्हाला रोज दिसायचं. अशी अलाबला घेणं हे खरं तर बायकांचं काम. पलीकडच्या मळ्यातला नाथा टेम्पोत फुलांचे क्रेट चढवता चढवता ओरडायचा, "नाना, आता बांगड्याच भरा राव!"

"भरतो की," नाना म्हणायचे, "मापाच्या आण फक्त. मनगटं जाड हायेत माझी."

आधी हे बायडाबाई, नानांच्या पत्नी, करायच्या. सुयश नुकता उभा राहायला लागला होता तेव्हा त्या गेल्या. पोरगं मात्र त्याच वेळेला, त्याच उंबऱ्यात, चेहरा वर करून उभं राहत राहिलं. दोन-तीन दिवस ते तसंच उभं राहिलेलं पाहून नानांनी हातातली पाटी खाली ठेवली आणि बायकोचं काम उचललं.

सुयशला ऑटिझम आहे हे त्यानंतर कळलं. तो बोलत नव्हता, हाक मारली तर बघत नव्हता, घरातल्या सगळ्या चपला एका ओळीत लावायचा आणि एखादी हलली तर जमिनीवर डोकं आपटायचा. नाना म्हणायचे, "त्याचं आपलं येगळं हाय," आणि चपला घालण्याआधी ओळीत आपली जागा कुठली ते बघून ठेवायचे. सगळ्यात अवघड होतं ते स्पर्शाचं. केस कापताना तिघं जण लागायचे. पूजा, त्याची आई, त्याचा पापा घ्यायची तो झोपेत असताना. ललितने, त्याच्या बापाने, त्याला उचलून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. अंबडच्या कारखान्यातून तो यायचा तोवर मुलगा झोपलेला असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ललित हात पुढे करायचा तो नुसताच हवेत राहायचा. जागेपणी त्या चेहऱ्याला एकाच माणसाचा हात लागायचा, तोही संध्याकाळी, तोही एकदाच.

गाल लाल व्हायला लागले ते गणपतीनंतर. शेवंतीची तोड सुरू झाली होती आणि घरात कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. आधी वाटलं ऊन लागलं असेल. मग लाली उतरेना. दोन्ही गालांवर कानापासून खाली पट्टे उठले, बारीक पुरळ आलं, आणि सुयश गाल खांद्यावर घासायला लागला. खाज सुटते म्हणून घासतो की घासतो म्हणून लाल होतं, कोणाला काही सांगता येईना. विचारायचं तरी कोणाला?

पूजाने शर्टांची लेबलं उसवून काढली. कपडे धुवायची पावडर बदलली. दुकानातले रंगीत पोंगे बंद केले, तर सुयशने जेवणच बंद केलं, कारण तो पोंग्यांशिवाय दुसरं काही धड खातच नव्हता. मग पोंगे परत आले. कोणी म्हणालं दूध बंद करा, कोणी म्हणालं अंगात उष्णता आहे, सब्जा द्या. नानांनी कुंपणाची कोरफड कापून आणली. तो गर लावायला पूजा गेली तर पोराने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. तिच्या मनगटावर दातांची खूण कितीतरी दिवस होती. बाजारात ती ओढणी खाली ओढून ठेवायची.

कारण बाजारात लोकांचं बघणं वेगळंच होतं. रविवार कारंजाच्या चौकात एका बाईने अनोळखी असून तिला थांबवलं.

"का गं, एवढ्याशा लेकराला कशापायी मारलं?"

"मारलं नाही हो. अॅलर्जी आहे."

"अॅलर्जीची बोटं उमटत्यात व्हय दोन्हीकडून?"

सुयश जिथे शिकायला जायचा तिथल्या थेरपीच्या बाईंनीही एकदा दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, घरी कोणी हात उगारतं का? मला सांगा. आम्ही मदत करू." पूजा घरी आली, पडवीत क्रेटवर बसली आणि कितीतरी वेळ चप्पलही काढली नाही.

त्या रविवारी नानांनी ललितला विहिरीजवळ बोलावलं. बांधाच्या अलीकडे आम्ही कोथिंबीर उपटत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"खरं सांग. तू हात टाकतो का त्याच्यावर?"

"मी?" ललित एवढंच म्हणाला. मग हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "नाना, मारायला तरी तो हाताला लागायला पाहिजे ना."

संध्याकाळी शेवंतीची तोड झाली. पाटी उतरली. नानांनी पायजम्याला हात पुसले आणि नेहमीसारखे नातवासमोर बसले. त्या दिवशी जरा जास्तच वेळ त्यांनी तळवे गालांवर ठेवले, जणू तिथली सगळी आग हातांनी ओढून घेता येईल.

दिवाळीत पूजा सुयशला घेऊन माहेरी देवळ्याला गेली. तिथे कांद्याची लागवड सुरू होती, घरात माणसांची ये-जा, धूळ, फटाके. नानांना वाटलं होतं पोराचे हाल होतील. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पूजाच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"व्याही, काळजी नका करा. पोर्‍यानं तोंड आते चांगलं शे."

"चांगलं म्हंजे?"

"लाल काहीच नही."

नाना लय खूश झाले. टेम्पोत फुलं चढवताना नाथालाही सांगितलं, "देवळ्याचं पाणी लागलं पोराला." नाथा म्हणाला, "मग तुमीबी तिकडंच जा, तुमच्याबी तोंडाला लागलं तर लागलं." त्यावर नाना खूप वेळ हसत होते.

पूजा परत आली ती संध्याकाळीच. रिक्षातून उतरताना सुयशचे गाल पेरूच्या गरासारखे स्वच्छ होते. तो आत गेला, चपलांची ओळ तपासली आणि उंबऱ्यात येऊन उभा राहिला. एवढे दिवस मध्ये गेले होते, तरी त्याच जागी. नानांनी पाटी जवळजवळ टाकलीच. गुडघ्यावर बसले, अलाबला घेतली, बोटं मोडली. पूजाने आम्हाला बांधावरून हाक मारली, "बघा ना, आल्या आल्या!" तिला रडू येत होतं, पण आनंदाने.

तिसऱ्या दिवशी सकाळी गालांवर पट्टे परत आले.

तेव्हा मात्र पूजा हट्टाला पेटली. कॉलेज रोडवरच्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नंबर लावला. ललितला सुट्टी मिळाली नाही म्हणून नाना बरोबर गेले. तिथे काय झालं ते पूजाने नंतर आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, जणू सांगता सांगता त्यातून दुसरं काही निघेल.

डॉक्टरबाई घाई करणाऱ्या नव्हत्या. सुयशला त्यांनी हात लावला नाही. तो खोलीतल्या पंख्याखाली गोल फिरत होता, तसाच त्यांनी त्याला लांबून पाहिला.

"ऑटिझममुळे कातडी लाल होत नाही," त्या म्हणाल्या. "लाल व्हायची कारणं त्याचीही तीच, जी दुसऱ्या कुठल्याही मुलाची असतात. कपडा, साबण, घाम, लाळ, एखादा खाण्याचा पदार्थ. फरक एवढाच की हा सांगणार नाही आणि घासत राहील. त्यामुळे एकाची चार कारणं होतात." मग त्यांनी लांबूनच गालांकडे बोट केलं. "पण हे दोन्हीकडे सारखं आहे. वरून खाली ओढल्यासारखं. याच्या गालाला रोज कोण हात लावतं?"

"कोणीच नाही," पूजा म्हणाली. "तो लावूच देत नाही. फक्त नाना."



डॉक्टरबाईंनी नानांचे हात मागितले. नानांनी ते टेबलावर ठेवले. शेवंती खुडताना अंगठ्याच्या नखाने देठ तोडतात, त्याचा चीक बोटांवर सुकून काळा होतो. हंगामात तो रंग निघत नाही. नानांच्या बोटांच्या पेरांना भेगाही होत्या, पण त्याला कोणी कधी दुखणं म्हटलं नव्हतं.

"शेवंती करता का?"

"बापजाद्यापासून."

"तोड झाल्यावर हात धुता?"

नानांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "बाई, फुलाला हात लावायच्या आधी धुतो मी. पाय बी धुतो. मालकिणीची शिस्त होती तशी. नंतर कशाला धुवायचे? फुलानं कुठं हात बाटतो? देवाला जातंय ते."

"देवाला चालतं, नाना," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "याच्या गालाला चालत नसेल."

आमच्या सगळ्या मळेकऱ्यांचं हे असंच आहे. फुलं तोडायला जाताना हात धुतात, परत येताना धूत नाहीत. त्याच हाताने भाकरी खातात, त्याच हाताने पोरांची तोंडं पुसतात. आमच्या आईनेही माझी तशीच पुसली. आम्हाला काही झालं नाही, एवढाच आमचा पुरावा.

डॉक्टरबाईंनी खात्रीने काही सांगितलं नाही. मोठ्या माणसाच्या पाठीला पट्ट्या चिकटवून तपासता येतं, म्हणाल्या, पण हा पट्टी ठेवेल का? जो शर्टाचं लेबल ठेवत नाही तो काय ठेवणार. शेवंती असू शकते. बांधावरचं गाजरगवत असू शकतं, ते तर तिच्याहून वाईट, आणि ज्याला एक सोसत नाही त्याला कधीकधी दुसरंही सोसत नाही. मलम दिलं. काही दिवस फुलांपासून लांब ठेवा म्हणाल्या. आणि नानांना म्हणाल्या, "हात साबणाने स्वच्छ धुऊनच त्याला लावा. त्याचा तो आनंद बंद करू नका."

परत येताना रिक्षात नानांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

त्या संध्याकाळी नानांनी साबणाने हात धुतले. मग लिंबू चोळलं. मग परत साबण. उंबऱ्यात सुयश चेहरा वर करून उभा होता. नाना बसले, तळवे जवळ नेले. सुयशने डोळे मिटले, नाक हलवलं, डोळे उघडले. आणि दोन्ही हातांनी तो हात झिडकारून असा काही किंचाळला की आमच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

त्याला हात ओळखू आला नव्हता. त्या हाताला शेवंतीचा वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तो उंबऱ्यात आला, पण नाना बसताच त्याने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. चौथ्या-पाचव्या दिवशी पूजाला तो पडवीत सापडला. फुलांच्या क्रेटवर टाकलेलं ओलं गोणपाट बाजूला करून त्याने सगळा चेहरा फुलांत खुपसला होता आणि गाल इकडून तिकडे घासत होता. वर पाहिलं तेव्हा गाल रक्ताळलेले होते. आणि तो शांत होता.

पूजा त्याला तिथून काढू शकली नाही. काढलं तर तो डोकं आपटणार, ठेवलं तर गाल जाणार. ती तिथेच उभी राहून "नाना, नाना" अशा हाका मारत राहिली. नाना धावत आले, हात पुढे केले आणि मध्येच थांबले. ते नुकतेच तोडीवरून आले होते. दोघंही त्या लेकराच्या दोन बाजूंना हात न लावता उभे होते, आणि ते फुलांत तोंड खुपसून बसलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात नानांनी शेवंतीत रोटाव्हेटर घालून सगळं शेत मोडलं. मार्गशीर्ष तोंडावर होता, गुरुवारांचा बाजार यायचा होता, आणि उभं पीक पिवळंधमक होतं. नाथा बांधावर येऊन कपाळाला हात लावून उभा राहिला.

"नाना, डोकं फिरलं का? एवढा मार्गशीर्ष तर निघू द्या."

"तू काढ की तुझ्यातला. माझ्यात मेथी टाकतो."

"पोराचं काय, उद्या मेथीनं लाल झालं तर?"

"तर मेथी बी मोडू," नाना म्हणाले.

नाथाचाही शेवंतीचा तुकडा वाऱ्याच्या वरच्या अंगाला होता, हे त्याला माहीत होतं, नानांनाही. तो विषय दोघांनीही काढला नाही.

मेथी झाली, पालक झाला. सुयशचे गाल बरेचसे निवळले. पूर्ण नाही. मध्येच एखाद्या दिवशी परत फुलायचे आणि पूजा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. साबण? घाम? नाथाची शेवंती? की काहीच नाही, नुसता खांद्यावर घासला? मलमाची ट्यूब तिच्या पर्समध्ये असायची. पण आता रस्त्यात कोणी थांबवून विचारत नव्हतं, एवढं झालं होतं.

गाल सुधारले आणि सुयश उंबऱ्यात यायचा बंद झाला.

पण नानांनी कंटाळा केला नाही. मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की ते हौदावर जायचे, सुयशच्याच अंघोळीचा साबण घेऊन हात धुवायचे, कारण थेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या की ओळखीचा वास असला तर बरं. मग उंबऱ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसायचे. समोर कोणी नसायचं. आतून चपला सरकवल्याचा आवाज यायचा. थोडा वेळ बसून नाना उठायचे. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, हे आम्हाला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं. ललित एकदा म्हणाला, "नाना, सोडा आता. माझ्याकडे तरी कुठं येतो?" नाना म्हणाले, "तू बस माझ्याशेजारी. दोघं बसू." आणि खरंच एका सुट्टीच्या दिवशी बापलेक रिकाम्या उंबऱ्यासमोर शेजारी शेजारी बसलेले होते. दोघांचेही हात धुतलेले.

गुढीपाडव्यानंतर नानांनी बांध साफ करायला घेतला. गाजरगवत चांगलं कमरेएवढं वाढून फुलावर आलं होतं. हातमोजे घाला असं पूजा सांगायची. पण त्यांना हातमोज्यात गवताची मुळी पकडता येत नव्हती. ते उघड्या हातांनी उपटायचे, ढीग करायचे, पेटवायचे. दिवसभर उन्हात. छातीत जरा भरून येतं असं एकदा म्हणाले होते, आणि पूजाने डॉक्टरकडे चला म्हटल्यावर, "आधी एवढा बांध होऊ दे," असं म्हणून विषय संपवला होता.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं. मी आमच्या अंगणात वाळवण उचलत होते. पूजाचा आवाज आला. मोठा नव्हता, उलट दबलेला होता, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी उडून जाईल.

"नाना. इकडे बघा."

सुयश उंबऱ्यात उभा होता. चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले. गाल स्वच्छ. का आला, कशाने आठवलं, हे आजही कोणाला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही आणि कधी सांगेल असं वाटत नाही.

नाना बांधावरून धावतच निघाले. पडवीपर्यंत आले, जवळजवळ गुडघ्यावर बसलेच होते, आणि मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गाजरगवताचा हिरवा चीक कोपरापर्यंत लागला होता. दिवसभराचा.

ते तसेच मागे सरकले. हात पाठीमागे घेतले, पूजाशी बोलले आणि हौदाकडे वळले. आम्ही नळ सोडल्याचा आवाज ऐकला. मग तो वाहतच राहिला. पूजा गेली तेव्हा ते हौदाच्या कडेला खाली बसल्यासारखे कलंडले होते आणि साबण पाण्यातून वाहत मेथीच्या पाटात गेला होता. नाथाने टेम्पो काढला. काही उपयोग झाला नाही.

त्या सगळ्या धावपळीत सुयश उंबऱ्यातून हलला नव्हता. चेहरा वर, डोळे मिटलेले. शेवटी माझी आई त्याच्यासमोर जाऊन बसली, पण तिलाही हात पुढे करवेना.

आम्ही नंतर पुन्हा पुन्हा विचारल्यावर पूजाने तेवढं एकच सांगितलं, की हौदाकडे वळताना नाना काय म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत. रोजच्यासारख्याच आवाजात म्हणाले, "थांबव त्याला जरा. हात धुऊन आलोच."